पार्श्वभूमी : संगीतातील पीएच.डी. कुठून आली?

संगीतात पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज पात्रता परीक्षा, मार्गदर्शक आणि संशोधनाचा आराखडा यांची काळजी आधी वाहावी लागते. या पदवीच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र विद्यापीठांत संगीताचे विभाग निघण्याच्या पुष्कळ आधीचा आहे : गळ्यातली विद्या कागदावर उतरवता येते का, आणि उतरवली तर तिच्यातले काय निसटते?

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. पेशाने वकील असलेले भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला कर्नाटक संगीताचे जाणकार सुब्बराम दीक्षितांना भेटले आणि जुने शास्त्रकार व्यंकटमखी यांची ७२ मेळांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरचौकटींची, व्यवस्था त्यांनी बारकाईने अभ्यासली. पुढे हिंदुस्थानी रागांची १० थाटांत, म्हणजे तशाच स्वरचौकटींत, मांडणी करताना हा अभ्यास त्यांच्या कामी आला. १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आहे आणि ती गुरू-शिष्यांच्या संवादातून उलगडते. शिष्य शंका काढतो, गुरू ग्रंथातले वचन आणि प्रचारातले गाणे शेजारी शेजारी ठेवतो, आणि दोन्ही जुळत नसतील तेव्हा प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या रागाला अधिक मान देतो. संगीत संशोधनाची शिस्त म्हणून आजही याहून चांगला धडा मला दुसरा दिसत नाही.

बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गीते, लिहून ठेवण्यासाठी त्यांनी सोपी स्वरलिपी रूढ केली : कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब, तालाच्या पहिल्या मात्रेला म्हणजे समेला फुली, टाळी न देता दाखवायच्या मात्रेला म्हणजे खालीला शून्य. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्याघराण्यांत दडलेल्या शेकडो बंदिशी या लिपीमुळे सर्वांना खुल्या झाल्या. पण या लिपीत दरबारी कानडा या रागाचा गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, पाहावा. कागदावर तो फक्त रेघ दिलेला ‘ग’ असतो; गाताना तो संथ आंदोलन घेतो, म्हणजे हळूवार झुलतो, आणि त्या आंदोलनावाचून दरबारी उभाच राहत नाही. त्याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल २२ श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा, हिशेब गणिताने मांडू पाहत होते. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा हा प्रश्न जाहीरपणे चर्चेला आला.

दुसरी वाट परीक्षांची. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि पुढे त्यांच्या शिष्यवर्गाने उभारलेल्या मंडळाच्या विशारद, अलंकार या पदव्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे या क्षेत्रात उतरली तेव्हा त्यांना पाठ्यक्रमाची ही चौकट बऱ्याच अंशी तयार मिळाली. बडोदा आणि बनारस येथे संगीताचे उच्च शिक्षण सुरू झाले. १९५६ मध्ये खैरागढला केवळ कलांसाठी विद्यापीठ निघाले आणि भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. बनारसला प्रेमलता शर्मा यांनी संगीतशास्त्राला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

मुंबईत अशोक दा. रानडे यांनी विद्यापीठाचे संगीत केंद्र घडवताना लोकसंगीत, नाट्यसंगीत आणि आवाज-साधना हेही संशोधनाचे विषय आहेत हे दाखवून दिले. डॉ. प्रभा अत्रे यांचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. सरगम, म्हणजे सा-रे-ग-म ही स्वरनावे घेऊन गाणे, ही त्यांच्या स्वतःच्या गायकीतली ठळक गोष्ट, आणि डॉक्टरेटसाठी त्यांनी विषयही तोच घेतला. गायिकेने आपल्याच गाण्यातल्या साधनाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहावे, ही वाट त्यांनी मोकळी केली; पुढे एसएनडीटी विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुखही झाल्या. पुण्यात १९८७ मध्ये सुरू झालेल्या ललित कला केंद्राने संगीत, नृत्य आणि नाट्य एका छताखाली आणले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान ३ आणि नेहमीच्या परिस्थितीत कमाल ६ वर्षांची मुदत आहे. याच आयोगाच्या अध्यापक भरतीच्या नियमांत, नामवंत गुरूंकडे शिकलेल्या आणि आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या कलावंताला नेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी.वाचूनही सहायक प्राध्यापक होण्याची सोय आहे. म्हणजे शिकवण्यासाठी गाणे प्रमाण मानले जाते, पदवीसाठी मात्र लिखित प्रबंध. दरबारीवर प्रबंध लिहिणाऱ्याला तो गंधार अजूनही शब्दांतच पकडावा लागतो. ध्वनिमुद्रण जोडले तरी त्याची जागा परिशिष्टात असते.