मादीच्या आवाजातली हाक: अमेरिकेतल्या रानटर्कीच्या शिकारीची पार्श्वभूमी

अमेरिकेत वसंतात रानटर्कीच्या शिकारीला गेलेला माणूस पक्ष्याच्या मागे जात नाही, त्याला बोलावतो. उजाडायच्या आधी तो झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नर आपल्या पायांनी चालत येईल म्हणून वाट पाहतो. तासभर, कधी अख्खी सकाळ. तो आवाज काढायच्या साधनाला तिकडे ‘टर्की कॉल’ म्हणतात. असे कॉल घडवणारे कारागीर, ते जमवणारे संग्राहक आणि मंचावर उभं राहून ते वाजवणारे स्पर्धक यांचं एक मोठं जग तिकडे आहे.

या जगाची मला वाटणारी सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की हाकेची ही कारागिरी बहरली, त्या काळात हा पक्षी जवळजवळ संपत आला होता. आणि तो परत आला, त्यातही या हाकेच्या वेडाने झपाटलेल्या लोकांचा मोठा हात होता.

आधी पक्ष्याबद्दल. रानटर्की हा कोंबडीच्या दूरच्या नात्यातला, पण खाटीकखान्यात दिसणाऱ्या पांढऱ्या, जड टर्कीपेक्षा फार वेगळा जीव. सडपातळ, काळपट-तांबूस, उन्हात ब्राँझसारखा चमकणारा, दमदार उडणारा. रात्र तो उंच झाडावर काढतो. नराच्या छातीवर केसांसारख्या राठ पिसांचा झुबका लोंबतो, त्याला शिकारी ‘दाढी’ म्हणतात. वसंतात नर पहाटे रातथाऱ्यावरूनच ‘गॉबल’ करतो. हा गडगडता आवाज शांत हवेत मैलभर पोहोचतो. निसर्गाच्या रीतीप्रमाणे हा आवाज ऐकून मादी नराकडे जाते. शिकारी नेमकी हीच रीत उलटी फिरवू पाहतो. मादीने जायचं ते सोडून ती जागेवरून हाका मारते आणि नराने यावं अशी अपेक्षा करते. म्हणून अनुभवी नर अनेकदा थोडा पुढे येतो, पिसारा फुलवतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या लेखी आता तिची पाळी असते. त्याची नजर अतिशय तीक्ष्ण, रंग ओळखणारी, जवळपास सगळ्या बाजूंना पाहणारी असते. वास मात्र त्याला फारसा येत नाही. त्यामुळे हा सगळा खेळ आवाज आणि निश्चलपणा या दोन गोष्टींवर चालतो.

या पक्ष्याचा आपल्या भागाशी एक जुना धागा आहे. मेक्सिकोतल्या लोकांनी टर्की फार पूर्वीच माणसाळवली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी ती युरोपात नेली आणि तिथून ती जगभर गेली. कुठून आली याचा घोळ तिच्या नावांत अजून टिकून आहे: इंग्रजीत ती तुर्कस्तानची, तुर्की भाषेत ‘हिंदी’, फ्रेंचमध्ये भारताची, पोर्तुगीजांत ‘पेरू’. १६१२ साली जहांगीर बादशहाचा अधिकारी मुकर्रब खान गोव्याहून दुर्मिळ वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात आला, त्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणींत तिचं बारकाईने वर्णन केलं आहे. हा पक्षी माजावर आला की डोकं आणि मान सरड्यासारखे रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी पिरोज्याच्या छटेचे, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेलं त्या नराचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाल, पांढरा, निळा हे तीन रंग लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या शिकाऱ्याच्या जिवाशी त्यांचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा टर्कीशी संबंध हजारो वर्षांचा. मांस, बाणांची पिसं, पिसांच्या उबदार शाली, हाडांची हत्यारं असं सगळं ते या पक्ष्याकडून घेत. आग्नेयेकडच्या उत्खननांत टर्कीच्या पंखांच्या पोकळ हाडांच्या नळ्या मिळाल्या आहेत आणि त्या हाकेसाठी वापरल्या जात असाव्यात असं अभ्यासक मानतात. असा हाडाचा कॉल आजही बनतो. पंखातली पोकळ हाडं साफ करून, उकळून एकात एक बसवतात. तो बासरीसारखा फुंकायचा नसतो. ओठ लावून मुका घेतल्यासारखी हवा आत ओढायची, की मादीची नेहमीची हाक, ‘येल्प’, उमटते. ज्या पक्ष्याला बोलवायचं त्याच्याच हाडातून त्याची भाषा बोलायची, यात मला एक प्राचीन ऋणाची जाणीव दिसते.

गोरे वसाहतवाले आले तेव्हा पूर्वेकडची जंगलं टर्कींनी भरलेली होती. त्या काळी संख्या कोटीच्या घरात असावी असा अंदाज सांगितला जातो. मग दीड-दोनशे वर्षांत जे झालं, त्याला शिकार म्हणणं कठीण आहे. जंगल तोडून शेतं झाली. बाजारासाठी वर्षभर, कोणत्याही वयाचा, नर-मादी न पाहता पक्षी मारला गेला. ओंडक्यांचे पिंजरे बांधत. खालून एक चर खणून त्यात मक्याचे दाणे टाकत. टर्की दाणे टिपत चरातून आत शिरे आणि मग बाहेर पडायची वाट वर शोधत राही, खाली चराकडे बघायचं तिला सुचत नसे. अख्खा थवा असा एकदम सापडे. कनेक्टिकटमधून टर्की १८१३ पर्यंत गेली. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली. त्यात १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनट झाडांचा बुरशीरोग आढळला आणि पुढच्या काही दशकांत पूर्वेकडच्या डोंगरांतली चेस्टनटची झाडं संपली. टर्कीचं हिवाळ्यातलं एक मोठं अन्न त्यांच्यासोबत गेलं. १९३० च्या दशकात साऱ्या देशात उरलेल्या पक्ष्यांचे अंदाज तीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत वेगवेगळे दिले जातात. कुठलाही आकडा धरला तरी अर्थ एकच होतो.

जे पक्षी वाचले ते दक्षिणेच्या दलदलींत आणि डोंगरकपारींत, माणसाला अत्यंत बुजलेले. अशा पक्ष्याला जवळ आणायचं तर हाक अचूक हवी. हाकेची कला इथे धारदार झाली. १८९७ साली आर्कान्सातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सनने बिजागरीच्या झाकणाच्या लाकडी पेटीचं पेटंट घेतलं. आजचा ‘बॉक्स कॉल’ याच वंशातला. लांबट अरुंद पेटी, पातळ बाजू, वर एका टोकाला खिळवलेलं वल्ह्यासारखं झाकण. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू घासून ते पेटीच्या काठावरून ओढलं की लाकूड क्षणात अडकतं, क्षणात सुटतं, पुन्हा अडकतं आणि त्या थरथरीतून आवाज निघतो. व्हायोलिनच्या गजाचं तत्त्व हेच. लाकूड कोणतं, बाजू किती जाड, झाकणाला बाक किती, यावर मादी तरुण वाटेल की प्रौढ हे ठरतं. पावसात पेटी भिजली की ती मुकी होते, म्हणून जुने शिकारी ती जिवापाड जपतात.

त्याच काळातला एक माणूस या परंपरेत फार आदराने आठवला जातो: चार्ल्स जॉर्डन. मूळचा अलाबामाचा. टर्कीचं वागणं त्याने आयुष्यभर टिपून ठेवलं आणि हाड व वेताची नळी जोडून केलेला त्याचा कॉल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. तो लुईझियानात एका राखीव शिकारक्षेत्राची व्यवस्था पाहत होता. १९०९ साली एका चोरट्या शिकाऱ्याने त्याला गोळी घालून मारलं. त्याची टिपणं पुढे टॅबॅस्को सॉसवाल्या घराण्यातल्या एडवर्ड मॅकिलेनीने मिळवली आणि १९१४ मध्ये ग्रंथरूपाने छापली. पक्षी नाहीसा होत असताना त्याची भाषा लिहून ठेवली गेली, ती अशी.

पुढच्या दशकांत कॉलची घरं वाढली. स्लेटच्या तुकड्यावर लाकडी कांडी गोल फिरवायची तो ‘स्लेट’ किंवा ‘पॉट कॉल’. तपकिरीच्या डबीवर पातळ रबर ताणून केलेली नळी. आणि तोंडात टाळूला चिकटवायचा ‘डायफ्रॅम’: नालाच्या आकाराची छोटी चौकट, तिच्यात रबराचे पापुद्रे. याने हात मोकळे राहतात, म्हणून आज तोच सर्वांत जास्त वापरात आहे. शिकायला मात्र तोच सर्वांत अवघड. सुरुवातीचे काही आठवडे तोंडातून फक्त थुंकी आणि चित्कार निघतात. १९४० च्या सुमारास अलाबामाच्या लिंच नावाच्या माणसाने ‘फूलप्रूफ’ नावाची पेटी बाजारात आणली, गावोगावच्या दुकानांत स्वतः वाजवून दाखवत ती विकली आणि गावच्या सुताराची वस्तू घराघरांत गेली. दुसऱ्या टोकाला साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनवूडच्या नील कॉस्टसारखे हातकारागीर. त्याच्या पेट्यांना संग्राहक आज हजारो डॉलर मोजतात. अनेक चांगल्या कॉलवर कारागिराची सही, साल, लाकडाचं नाव लिहिलेलं असतं. कोरीवकाम केलेले, रंगवलेले कॉल लोककला म्हणूनही गणले जातात. तरी जाणकार आधी झाकण ओढून पाहतो, नक्षी नंतर.

पक्षी परत कसा आला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यावर बंदी आली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. म्हणजे खर्च बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच खिशातून आला. शेतं ओस पडली तिथे जंगल पुन्हा वाढलं. तरी सुरुवातीचे प्रयत्न फसले. राज्यांनी फार्मवर टर्की वाढवून हजारोंनी जंगलात सोडल्या आणि त्या मेल्या. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला ससाणा म्हणजे काय, रात्री झाडावर कुठे बसायचं, आईच्या कोणत्या हाकेला गवतात दबायचं, हे शिकवणारं कोणी नव्हतं. रानटीपणा हा शिकावा लागतो हे तेव्हा उमगलं.

मग रानातलाच पक्षी पकडून दुसऱ्या रानात न्यायचा. पण टर्की सापळ्याजवळ फिरकेना. उत्तर मिळालं तोफेच्या जाळ्यात. बदकं पकडायला वापरलेली ही युक्ती १९५१ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात टर्कीसाठी वापरली गेली. दाणे टाकलेल्या जागेजवळ घडी करून लपवलेलं जाळं, त्याला जोडलेल्या छोट्या तोफा. थवा माना खाली घालून टिपू लागला की बटण दाबायचं. पकडलेला पक्षी एकेक करून भोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून शेकडो मैल दूर सोडायचा. मिसूरीने १९६० मध्ये शिकारीचा तीन दिवसांचा वसंत हंगाम पुन्हा उघडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ९४ पक्षी मारले. मॅसॅच्युसेट्सने १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून ३७ पक्षी आणून बर्कशायरच्या डोंगरांत सोडले. आज त्या राज्यात तीस हजारांहून जास्त टर्की आहेत आणि बॉस्टनच्या उपनगरांतल्या रस्त्यांवर त्या वाहनं अडवतात.

१९७३ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला टॉम रॉजर्सने नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन केलं. लवकरच ते साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला हललं. तेव्हा देशात तेरा ते पंधरा लाख टर्की होत्या. गावोगावच्या शाखांनी जेवणावळी आणि लिलाव करून पैसा उभा केला. त्यातून पक्ष्यांच्या वाहतुकीचे खर्च निघाले, जमिनी सुधारल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संख्या ७० लाखांच्या घरात गेली आणि अलास्का सोडून प्रत्येक राज्यात टर्की दिसू लागली.

हाकेच्या स्पर्धा या फेडरेशनच्या आधीपासूनच होत्या. आर्कान्सातल्या येलव्हिलची स्पर्धा १९४० च्या दशकातली. आता सर्वांत मानाची ‘ग्रँड नॅशनल’ नॅशव्हिलला फेडरेशनच्या अधिवेशनात होते. परीक्षक पडद्याआड बसतात, त्यांना माणूस दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. झाडावरची पहाटेची कुजबुज, खाली उडी मारतानाची कलकल, साधा येल्प, चवताळलेल्या मादीचं ‘कटिंग’, हरवलेल्या पिल्लाचं ‘की-की’, चरतानाची समाधानी घुरघुर: सांगितलेला प्रत्येक आवाज क्रमाने काढायचा. घुबडाच्या घुमण्याचीही वेगळी स्पर्धा असते, कारण पहाटे घुबड ऐकलं की झाडावरचा नर न राहवून ओरडतो आणि आपला पत्ता सांगून बसतो. मंचावर जिंकणारा जंगलातही जिंकतोच असं नाही. खरी मादी अनेकदा बेसूर असते, आणि कधी गप्प बसायचं हे कुठल्याही स्पर्धेत मोजता येत नाही.

बहुतेक राज्यांत ध्वनिमुद्रित हाक वाजवायला बंदी आहे. हात, ओठ आणि श्वास यांनीच आवाज काढायचा. मला हा नियम या सगळ्याचा प्राण वाटतो. वसंतात फक्त दाढीवाले पक्षी, म्हणजे जवळपास नरच, मारता येतात, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. आणि आता ते तीन रंग. फुललेल्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं दिसतं, म्हणून शिकाऱ्याला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे यांपैकी एकही रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको. मादीचा आवाज ऐकू आला तर त्या दिशेने दबकत जायचं नाही. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. हे नियम झालेल्या अपघातांतून आले आहेत.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत, विशेषतः आग्नेयेकडे, संख्या पुन्हा घसरते आहे. वसंतातली पिल्लं कमी जगतात. अधिवास बदलला, घरटी लुटणारे प्राणी वाढले, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन यांच्यासारखे अभ्यासक आणखी एक शंका मांडतात: हंगाम फार लवकर उघडला की माद्यांशी जोडी जमण्याआधीच मुख्य नर मारले जातात आणि प्रजनन विस्कटतं. शिकाऱ्यांत यावरून तावातावाने वाद झाले. तरी अलाबामाने २०२२ मध्ये हंगाम पुढे ढकलला, दर शिकाऱ्यामागची मर्यादा पाचवरून चार नरांवर आणली आणि नराला भुलवायला मांडतात ते नकली पक्षी पहिले दहा दिवस वापरायला मनाई केली. टेनेसीने २०२३ मध्ये सुरुवात दोन आठवडे पुढे नेली आणि मर्यादा दोन नरांवर आणली.

म्हणजे आता टेनेसीतला शिकारी एप्रिलच्या मध्याला बुंध्याशी बसतो. तोवर बऱ्याच माद्या गवतात अंडी घालू लागलेल्या असतात. सकाळी नऊ-दहानंतर नर एकटा उरतो, आणि पेटीच्या झाकणाखालून उमटलेल्या हाकेला त्या वेळी तो लगेच उत्तर देतो.