हिमगौरी रेडिओवर कशी आली

वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'चा, म्हणजे आपल्या हिमगौरी आणि सात बुटक्यांचा, पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ला लॉस एंजेलिसमध्ये झाला. वर्षभराने, २६ डिसेंबर १९३८च्या सोमवारी, 'लक्स रेडिओ थिएटर' या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाने तीच गोष्ट संगीत श्रुतिका म्हणून ऐकवली. हाताने रंगवलेल्या चित्रांचा सिनेमा रेडिओवर कशाला, असं वाटेल. पण ही हिमगौरी आधी ऐकू आली आणि मग दिसली.

अशा सिनेमात आवाजाचं मुद्रण आधी होतं आणि चित्रं त्यावर बेततात. डिस्ने यांनी तर ऑफिसात लाउडस्पीकर बसवून घेतला होता. गाणाऱ्या मुलीचा चेहरा दिसू नये, नुसता गळा कानावर पडावा, म्हणून. हिमगौरीच्या आवाजासाठी एड्रियाना कॅसेलॉटीची निवड अशी झाली. डॉक बुटक्याला आवाज देणारे रॉय ॲटवेल तर शब्दांची अदलाबदल करून हसवणारे रेडिओवरचेच नट. फ्रँक चर्चिल आणि लॅरी मोरी यांच्या गाण्यांतून गोष्ट पुढे सरकते, त्यामुळे ती पडद्याविनाही उभी राहतात. १९३८मध्ये ती सिनेमातल्याच मुद्रणासह तबकड्यांवर आली, तेव्हा ही नवी गोष्ट होती.

'लक्स'चा कार्यक्रम सोमवारी रात्री सीबीएस या अमेरिकी रेडिओ नेटवर्कवर तासभर चाले. सगळं थेट, समोर प्रेक्षक, सूत्रधार दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल. खर्च लक्स साबणाचा. याच साबणाच्या जाहिरातीत पुढे, १९४१च्या सुमाराला, आपल्या लीला चिटणीस झळकल्या.

श्रुतिका लिहिणाऱ्याची खरी परीक्षा मात्र डोपीपाशी. हा सातवा बुटका बोलतच नाही. पडद्यावर तो नुसत्या कानांच्या हालचालीने जिंकतो. रेडिओवर गप्प बसलेलं पात्र म्हणजे जवळजवळ नसलेलंच. बाकीच्या सहांनी त्याचं नाव घेत राहायचं, तेव्हा कुठे तो ऐकणाऱ्याला दिसणार. मला तर हे चेटकिणीच्या सफरचंदापेक्षा अवघड वाटतं.

तेव्हा घरात टीव्ही नव्हता. सिनेमा थिएटरातून उतरला की पुन्हा लागेपर्यंत थांबायचं. हा १९४४मध्ये परत लागला. १९४६च्या डिसेंबरात 'स्क्रीन गिल्ड' या दुसऱ्या रेडिओ कार्यक्रमाने बालनटी मार्गारेट ओब्रायन आणि शब्दभ्रमकार एडगर बर्गन यांना घेऊन अर्ध्या तासाची हिमगौरी केली.

असे कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर कोरून ठेवत, एका बाजूला साधारण पाव तास. त्यामुळेच १९३८चा तो तास हवेत विरला नाही. खरखरीसकट आजही ऐकता येतो.