ओला प्लग काय सांगतो?

स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग, ओला निघाला की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: "पेट्रोल ओव्हर होतंय." माझ्या तीस वर्षं जुन्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलबद्दल हे वाक्य मी सहा महिन्यांत तीन ठिकाणी ऐकलं आणि तिन्ही वेळा कार्बोरेटर उघडला गेला. फ्लोटची पिन बदलली, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलला, हवेचा स्क्रू पाव फेरा इकडून तिकडे झाला. गाडीच्या स्वभावात फरक शून्य. सकाळी कधी सहाव्या किकला सुरू, कधी विसाव्या. लक्ष्मी रोडवर बंद पडली, तर ढकलत अलका टॉकीजच्या चौकापर्यंत.

चूक त्या वाक्यातच होती, हे उशिरा कळलं. प्लग ओला आहे म्हणजे आलेलं पेट्रोल जळलं नाही, एवढंच. ते फार आलं म्हणून जळलं नाही, की ठिणगीत दम नव्हता म्हणून प्रत्येक किकला साचत गेलं, हे ओलेपणावरून सांगता येत नाही. दोन्हीचा शेवट एकसारखाच दिसतो.

आधी 'जास्त' म्हणजे किती, ते पाहू. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं. तेवढ्या जागेत मावणाऱ्या हवेचं वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका स्फोटासाठी लागणारं पेट्रोल मिलिलिटरचा शंभरावा भाग, थेंबाहूनही कमी. या हिशेबाने चहाच्या चमच्यात मावणाऱ्या ५ मिलिलिटर पेट्रोलवर इंजिन पाचशे वेळा पेट घेईल. तेच चमचाभर पेट्रोल इंजिनात एकदम सांडलं, तर एकदाही घेणार नाही. जळते ती पेट्रोलची वाफ, तीसुद्धा हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच. त्याखाली पेट घेत नाही, त्यावरही नाही.

टू-स्ट्रोकमध्ये हा प्रश्न जास्त चिवट होण्याचं कारण तिच्या रचनेत आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खोलीत फक्त ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये जायच्या आधी त्याच खोलीतून जातं. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतं. इंग्लंडमधल्या बाथ शहरात इंजिनिअर जोसेफ डे यांनी ही युक्ती १९व्या शतकाच्या शेवटी बसवली आणि व्हॉल्व्हचा बराचसा पसारा वाचवला. त्याची किंमत अशी, की फाजील पेट्रोल क्रँकच्या तळाशी डबक्यासारखं बसतं. प्लग काढून पुसला, सुकवला, परत लावला, तरी पुढच्या किकला डबक्यातली वाफ वर येते आणि प्लग पुन्हा ओला. लोक प्लग बदलत बसतात आणि डबकं खाली तसंच राहतं.

ते रिकामं करायची पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे. पेट्रोलचा कॉक बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका. दाद दिली नाही, तर चावी बंद करून प्लग काढायचा, भोकावर फडकं धरायचं आणि पुन्हा किका मारायच्या. आसपास विडी-काडी नको, हे सांगायला नको; पण मी एका गृहस्थांना हे करताना तोंडात सिगारेट धरलेली पाहिली आहे.

ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा कशाला? पिळला की कार्बोरेटरमधली स्लाइड वर जाते, हवेची वाट मोकळी होते आणि जेटवरची ओढ कमी होते. इथेच आणखी एक गोष्ट दडली आहे. या गाड्यांच्या बहुतेक कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारा पडदा नसतो. ती पेट्रोलची एक वेगळी छोटी वाट असते आणि स्लाइड बंद असेल तेव्हाच तिच्यावर ओढ बसते. थंड सकाळी चोक ओढून वर ॲक्सिलरेटरही पिळणारे लोक एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतात. मग "चोक चालत नाही" म्हणून पंधरा किका, आणि मग हात सोडून पुन्हा पाच. तोपर्यंत खरोखरच ओव्हर झालेलं असतं.

आता पेट्रोल खरंच फाजील येत असेल, तर कुठून? पहिला संशय फ्लोटच्या पिनवर. संडासातल्या टाकीसारखंच काम: पातळी वर आली की तरंगणारा फ्लोट पिन दाबतो आणि वाट बंद होते. पिनेच्या टोकावर रेघ पडली किंवा वाळूचा कण अडकला की पेट्रोल झिरपत राहतं. रात्री कॉक उघडा राहिला आणि गाडी साइड स्टँडवर कललेली असली, तर सकाळपर्यंत ते इंजिनात उतरलेलं असू शकतं. कार्बोरेटरच्या तळाच्या निचऱ्याला पारदर्शक नळी लावून ती बाजूला उभी धरली, की आतली पातळी बाहेरूनच दिसते. शाळेत शिकलेलं 'पाणी आपली पातळी शोधतं' इथे फुकट कामाला येतं. रीडची, म्हणजे मिश्रण उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेची, पाकळी चिरली असेल, तर मिश्रण कार्बोरेटरमधून उलटं थुंकलं जातं आणि एकच हवा दोनदा जेटवरून जाऊन दोनदा पेट्रोल उचलते. एअर फिल्टर पेट्रोलने भिजलेला सापडला तर तिकडे पाहावं.

चेतक वाकवून किक मारणारी पिढी पुण्यात अजून आहे. वाकवलं की फ्लोटची पातळी बिघडते आणि जास्तीचं पेट्रोल आत येतं; थोडक्यात, तो फुकटचा चोक. थंड स्कूटरला उपयोगी, आधीच भिजलेल्या इंजिनाला अगदी उलट.

माझ्या गाडीत यातलं काहीही नव्हतं, आणि ठिणगीकडे कुणी नीट पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण नेहमीच्या पद्धतीने: प्लग काढला, इंजिनाला टेकवला, किक मारली, टिचकन निळं चमकलं. "करंट आहे साहेब." करंट होता, पण उघड्या हवेत. प्लगच्या फटीत साधारण ०.७ मिलिमीटर हवा असते आणि ती भेदायला उघड्यावर तीनेक हजार व्होल्ट पुरतात. इंजिनात तीच हवा सहा-सात पट दाबलेली असते. तिथे दहा हजारांच्या पुढे लागतात. वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांचा गुणाकार वाढला की लागणारा व्होल्टेजही वाढतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं. उघड्यावर तडफणारी ठिणगी आत मुकी होऊ शकते. म्हणून चाचणी पाच-सहा मिलिमीटरच्या फटीवर घ्यावी. ती फट ओलांडणारी ठिणगी आतही टिकण्याची शक्यता बरीच. (चाचणी घेताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकलेलीच हवी. लोंबता ठेवून किक मारली, तर सीडीआयचा, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा, जीव जाऊ शकतो.)

प्लगवर काजळी असेल, तर आणखी पंचाईत. पेट्रोल स्वतः वीज वाहून नेत नाही, पण काजळी नेते. ठिणगी पडण्याआधीच व्होल्टेज प्लगच्या पांढऱ्या पोर्सलीनवरून गळून जातो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं, तर काजळी आपोआप जळते. कोथरूडहून मंडईपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या नशिबी तेवढं तापणं नसतं. प्लग गॅसच्या शेगडीवर धरणाऱ्या काकांचा इलाज म्हणूनच थोडाफार चालतो, फक्त पोर्सलीन तडकण्याची तयारी ठेवावी.

सिंहगडावर गाडी हमखास रुसायची, तेही आता समजतं. पुणे सुमारे ५६० मीटरवर, गड १३०० च्या वर. वर हवा सातेक टक्के विरळ, त्यामुळे मिश्रण आपोआप तीन-चार टक्के घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. निरोगी गाडीला ते कळतही नाही. काठावरच्या गाडीला तेवढं पुरतं.

शेवटी उलगडा केला तो नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने, आणि तोही एका प्रश्नाने: "थंड असताना त्रास, की गरम झाल्यावर?" मी तोवर हा भेद केलाच नव्हता. सकाळचा त्रास रात्री साचलेल्या पेट्रोलचा असू शकतो. अर्धा तास चालून बंद पडणं आणि दहा मिनिटं थांबल्यावर सुरू होणं, हे वेगळं लक्षण. माझ्याकडे दुसरं होतं. सकाळच्या किका फार लागायच्या, कारण आदल्या संध्याकाळी गरम गाडीवर किका मारून मी स्वतःच क्रँक भरून ठेवायचो. त्यांनी मॅग्नेटच्या आतली, ठिणगीसाठी वीज तयार करणारी कॉइल काढली. तिच्या तारेवरचा लेप जुना होऊन तडकला होता. गार असताना काम चालायचं. तापली की वेढे आपसात चिकटून ठिणगी मुकी व्हायची. नवी कॉइल टाकली आणि गेले चार महिने गाडी दुसऱ्या किकला उठते.

एक मात्र राहिलं आहे. गिअर ऑइल दर महिन्याला थोडं कमी होतंय आणि थंड असताना सायलेन्सरमधून जरा पांढरट धूर येतो, म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं असणार. ते बदलायचं तर इंजिन उघडावं लागतं. ते आता दिवाळीनंतर.