लसीका मसाज: तेल नको, जोर नको

पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते. आपल्याकडे म्हणतात, 'अवधाण आलं'. ही गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. पायातून वर जाणारा द्रव, म्हणजे लसीका (लिम्फ), तिथे गाळला जातो, म्हणून काटा तळव्यात आणि ठणका जांघेत.

रक्तवाहिन्यांतून झिरपलेल्या पाण्यापैकी रोज २ ते ४ लिटर लसीकावाहिन्या गोळा करतात आणि गळ्याच्या हाडामागच्या शिरांत परत सोडतात. मोठ्या लसीकावाहिन्या आपोआप आकुंचन पावतात आणि झडपा द्रव खाली येऊ देत नाहीत. बाकीचा रेटा पोटरीचे स्नायू आणि श्वास देतात. लातूरच्या अभ्यासिकेत पाच-सहा तास न उठता बसलेल्या मुलीच्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याचा वळ दिसतो, कारण पोटरीने दिवसभर काहीच केलेलं नसतं.

हाताने लसीका वाहती करण्याची पद्धत डेन्मार्कचे एमिल वोडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली. आपल्या बाळंतिणीच्या मालिशीच्या ती अगदी उलट आहे. सर्वांत बारीक लसीकावाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि सूक्ष्म तंतूंनी भोवतालच्या ऊतींना बांधलेल्या असतात. कातडी हलकेच ताणली की तंतू ओढले जातात, वाहिनीच्या भिंतीतल्या फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. करडईचं तेल चोपडलं तर हात घसरतो, कातडी ताणलीच जात नाही. जोराने रगडलं तर तिथला रक्तप्रवाह वाढतो, म्हणजे पाणी आणखी झिरपणार! मिटलेल्या पापणीवर सहज ठेवता येईल एवढाच दाब पुरतो.

सुरुवात पायापासून करणं ही नेहमीची चूक. पुढची वाट मोकळी नसताना मागून लोटून काय उपयोग? आधी गळ्याच्या हाडावरच्या खळग्यांत, मग पोटाने ५-६ खोल श्वास, मग जांघ, मांडी, गुडघ्यामागचा भाग, पोटरी आणि शेवटी पाऊल. प्रत्येक ठिकाणी कातडी ग्रंथीच्या दिशेने सेकंदभर ताणून पूर्ण सोडायची, असं ५ ते ७ वेळा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण सोडल्यावर वाहिनी मागून पुन्हा भरते.

निरोगी तरुणीत फरक जाणवतो तो मुख्यतः मज्जासंस्थेत. संथ, हलक्या स्पर्शाने शरीर विश्रांतीकडे झुकतं, हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, झोप येते. पाळीच्या आधी अंग जड वाटणाऱ्यांनाही थोडं हलकं वाटू शकतं. पायाचा घेर किंचित कमी भरला तर तो पाण्याचा; पुन्हा तासन् तास उभं राहिलं की परत येतो. चरबी याने वितळत नाही. 'विषारी द्रव्यं बाहेर काढतो' ही पार्लरची जाहिरात. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घोटा रोज सुजत असेल, तर दर तासाला उठून ५ मिनिटं चालणं या मसाजपेक्षा स्वस्त आणि सरस.

खरी गरज असते ती स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजतो तेव्हा. नांदेड-लातूरकडे अनोळखी नसलेल्या हत्तीरोगातही याचा आधार होतो. पण तिथे पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणं, बोटांमधल्या चिरा जपणं आणि पट्टी बांधणं आधी. नुसत्या मसाजने सूज टिकून उतरत नाही.

कातडी लाल, गरम होऊन ताप आला असेल, किंवा हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. पोटरीला हात न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.