उत्तर आधीच माहीत असलेलं प्रॅक्टिकल

ठाण्यात बीएस्सी केलेल्या कुणालाही विचारा, पेशी कशी विभागते ते बघायची कांद्याच्या मुळाची स्लाइड आठवतेच. माझ्या स्लाइडवर ॲनाफेज, म्हणजे विभाजनाचा तो टप्पा जिथे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात, शेवटपर्यंत दिसला नाही, पण सिनियरच्या जर्नलवरून पेन्सिलने ठिपके देत असा झकास काढला की मॅडमनी लगेच सही केली!

आता हे असं का, तर आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर निघालं, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, त्यामुळे प्रॅक्टिकलसुद्धा परीक्षेपुरतंच राहिलं असं मला वाटतं. बर्लिनला १८१० पासूनच शिकवणं आणि संशोधन एकत्र चालावं ही तिथल्या विद्यापीठाचा संस्थापक हम्बोल्टची कल्पना होती, पण ती आपल्याकडे आली नाही, उलट नंतर संशोधनासाठी टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या वेगळ्या संस्था झाल्या.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १९९८ मध्ये पदवीच्या शिक्षणावर नेमलेल्या बॉयर कमिशनने विद्यापीठांना चांगलंच सुनावलं, की पदवीच्या पोरांनाही संशोधन करू द्या. पण एकेका प्रोफेसरच्या लॅबमध्ये पोरं मावणार किती? मग संशोधनच कोर्समध्ये घुसवलं. २००८ ला हॉवर्ड ह्यूज या वैद्यकीय संशोधन संस्थेने पिट्सबर्ग विद्यापीठातल्या प्रोफेसर ग्रॅहम हॅटफुलसोबत सी-फेजेस नावाचा असाच कोर्स सुरू केला. त्यात फर्स्ट इयरची पोरं कुठलीही माती आणतात, पाण्यात ढवळून गाळतात, टीबीच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद असलेल्या बॅक्टेरियावर टाकतात आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी प्लेटवरच्या धुरकट थरात स्वच्छ भोक दिसलं की समजायचं, फेज सापडला, म्हणजे बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस. बहुतेकदा तो आधी कुणी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे नावही पोरंच ठेवतात. सिनियरच्या जर्नलचा इथे काडीचा उपयोग नाही.

आपल्या बाजूला वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, तिथे २००४ पासून एनआययूएस नावाच्या कार्यक्रमात पदवीचे विद्यार्थी खरं संशोधन करतात, पण निवडक. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, चौथ्या वर्षाला संशोधन आहे खरं, पण पहिल्या वर्षाच्या कांद्याचं काय?

आणि हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर ऐका, २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्याच्या खालच्या बाजूला एक फेज मिळाला, नाव ठेवलं मडी. लंडनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसरोपणानंतर पसरलेल्या, अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या इन्फेक्शनवर जे तीन फेज दिले त्यात तोही होता, ती सुधारली, २०१९ मध्ये पेपर आला.

कुजकी वांगी वाशी मार्केटलाही मिळतात.