पट्टा सोडण्याआधीची दहा मिनिटं

स्पर्धेची किंवा शोधकामाची वेळ झाली की पिंजऱ्याचं दार उघडताच कुत्रा बाणासारखा बाहेर येतो. शेपूट गरगर फिरतेय, अंग थरथरतंय, भुंकणं थांबत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, हा तर तयारच आहे! पण तयार झालंय ते त्याचं मन. दोन तास वेटोळं करून पडलेले स्नायू अजून तयार नाहीत, आणि उत्साहाच्या भरात कुत्रा ते तुम्हाला जाणवूही देत नाही.

उत्साहाने शरीरात काही घडतं, हे खरं. कुत्र्याच्या प्लीहेत, म्हणजे पोटातल्या पाणथरीत, रक्ताच्या तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. उत्तेजनाने प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात उतरतो. स्नायूला मात्र ऊब मिळते ती त्याच्या स्वतःच्या हालचालीतून. स्नायू जी ऊर्जा खर्च करतो तिचा जेमतेम चौथा भाग हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. त्या उष्णतेने स्नायूचा ताठरपणा कमी होतो, चेतासंदेश वेगाने धावतात आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं.

कुत्र्याच्या बाबतीत कामाआधी स्नायू असे गरम करून घेण्याचं महत्त्व अधिक आहे, कारण त्याच्या पुढच्या पायांना धडाशी जोडणारा हाडांचा सांधाच नाही. आपल्यासारखं गळपट्टीचं हाड त्याला नसतं. पुढचे पाय केवळ स्नायूंच्या झोळीने धडाशी बांधलेले असतात, आणि उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन त्यांच्यावरच असतं. उडी मारून उतरताना हा सगळा भार त्या झोळीवर आदळतो. मागे कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेला स्नायू झटक्याने वळताना किंवा पाय घसरताना दुखावतो. अजिलिटीच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, कुत्र्यांची ही नेहमीची दुखापत.

म्हणून सुरुवात साध्या चालण्याने करावी, दोन-तीन मिनिटं. मग तेवढीच दुडकी. मग खाऊच्या मागे डावीकडे-उजवीकडे गिरक्या, पुढचे पाय पसरून वाकणं, बसणं-उठणं, उलटं चालणं, हँडलरच्या, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याच्या, पायांतून नागमोडी जाणं. शेवटी बुटक्या अडथळ्यावरून दोन-तीन उड्या किंवा एखादी छोटी धाव. हाताने पाय ओढून ताणू नयेत; कुत्र्याने स्वतः केलेली हालचालच बरी. चेंडू फेकणं तर मुळीच नको! थंड स्नायूंनी सुसाट धावणं, करकचून थांबणं आणि वळणं, म्हणजे जे टाळायचं तेच आपण करवून घेतो.

शोधपथकातल्या कुत्र्याला एवढी सवड मिळत नाही. गाडीतून उतरल्यावर दोन मिनिटं चाल आणि दुडकी झाली तरी फरक पडतो. स्पर्धेत पाळी लांबली तर कुत्र्याला परत पिंजऱ्यात घालू नये, हिंडवत ठेवावं. थंडीत अंगावर झूल घालावी. उकाड्यात मात्र सगळं आटोपशीर आणि सावलीत. कुत्र्याला पंज्यांच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही, त्याची मदार धापेवर असते. जीभ लांब, रुंद होऊन लोंबू लागली तर तिथेच थांबावं.

दुडकीच्या वेळी मी डोळे कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतो. या चालीत पाय तिरक्या जोड्यांनी, एका लयीत पडतात, त्यामुळे लंगडणं लपत नाही. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. तसं एकदा जरी दिसलं, तरी त्या दिवशी पट्टा सोडायचा नाही.