हालचालीचे खेळ, शिशुवयातील

जन्मापासून सुमारे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाने आपल्या मर्जीने रांगणे, धावणे, चढणे, उड्या मारणे, ढकलणे, फेकणे आणि त्यासाठी मोठ्यांनी जागा, वेळ व सोबत देणे. करवून घेतलेली कवायत यात धरू नये.

मूल का खेळते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. उरलेली शक्ती खेळात खर्च होते, ही कल्पना जर्मन कवी व विचारवंत शिलरच्या लेखनात (1795) आढळते. इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने तिला जीवशास्त्राची बैठक दिली. परंतु दमलेले मूलही खेळ सोडत नाही, याचा उलगडा तिने होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉलच्या मते खेळात मानववंशाच्या जुन्या अवस्थांची उजळणी होते. कमावलेले गुण वारशाने उतरतात या समजावर हे मत उभे असल्याने ते मागे पडले. जर्मन तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल ग्रोस (1896 व 1899 मधील ग्रंथांत) खेळाला पुढील आयुष्याचा पूर्वाभ्यास मानतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र एकटे पुरत नाही. जिना पुनःपुन्हा चढणाऱ्या मुलाला त्या चढण्याचाच आनंद असतो, हा मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलरचा मुद्दा त्याला जोडून घ्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार, रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटे पालथे ठेवावे. 1 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी. 3 ते 4 वर्षांत त्यांपैकी 60 मिनिटे दम लागेल अशी. बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग तासाहून अधिक वेळ अडकवून ठेवू नये. हा अखेरचा मुद्दा घरोघरी सर्वांत दुर्लक्षित राहतो आणि तोच सर्वांत सहज पाळता येण्याजोगा आहे.

शिक्षणतज्ज्ञ फ्रेबेलने 1837 मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या बालशाळेत सामूहिक हालचालीच्या खेळांना स्थान होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेले. शासनाची अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिची प्रेरणा या प्रयोगात शोधली जाते.

पारंपरिक साधनांत पांगुळगाडा, खेळांत पकडापकडी व लपंडाव प्रमुख. लंगडीसाठी लागणारा एका पायावरचा तोल साधारणतः चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागतो. त्याआधी मुलाला त्या खेळात नुसते धावू द्यावे.